सरांचा गप्प बसायचा आठवडा

"मॅडम, तुम्ही चुकलात तर तुम्हाला कोण सांगतं?"

मी विचारलं एकदाचं. आणि बायकांच्या हाडांच्या वॉर्डात अशी शांतता पसरली की शेजारच्या खाटेवरच्या हौसाकाकूंनी तोंडातले शेंगदाणे चावायचे थांबवले.

पडद्यामागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती ऋतिका होती. भेटायची वेळ संपली तरी ती आणि सायमा काकूंच्या पडद्यामागे लपून राहिल्या होत्या, कारण पैज लागली होती. खोब्रागडे मॅडमना सगळ्या डॉक्टरांसमोर हा प्रश्न विचारायचा. विचारला तर मी शाळेत परत आल्यावर माझं दप्तर दोघींनी उचलायचं, नाही विचारला तर जन्मभर मला 'मिटलेली गोगलगाय' म्हणायचं. तेव्हा मी नववीत होते आणि वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला निघायचा. आता अकरावीत आहे, आता मला बोलायला कुणी पैज लावत नाही. लागली तर गप्प बसायची लागते.

तर खोब्रागडे मॅडम. उंच, केस घट्ट बांधलेले, चालायला लागल्या की मागचे सगळे डॉक्टर धावायचे. त्यांनी फाईलमधून मान वर काढली.

"चुकले तर? कोणीही सांगू शकतं," त्या म्हणाल्या. "आमच्या युनिटमध्ये तसं काही नाही. काय हो, खरं ना?"

"येस मॅडम," मागचे सगळे एका सुरात म्हणाले. सगळ्यात शेवटचं 'येस मॅडम' डॉक्टर तांबोळींचं होतं आणि ते त्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघून म्हटलं.

रांगेच्या अगदी टोकाला सुतार सर उभे होते. पिकलेले केस, बगलेत एक्स-रेची पाकिटं. त्यांनी फक्त पाकिटं या बगलेतून त्या बगलेत घेतली.

"पुढे," मॅडम म्हणाल्या आणि रांग पुढे सरकली.

हे सर पाकिटं घेऊन मागे का उभे होते, ते आधी सांगायला हवं. खरं तर तेच त्या युनिटचे प्रमुख. आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात हाडांचे मोठे डॉक्टर म्हणजे सुतार सर. पण त्यांची एक पद्धत होती. एमबीबीएस होऊन हाडांचे डॉक्टर व्हायला जी मुलं येतात, ती तिसऱ्या वर्षाला पोचली की सर पाळीपाळीने एकेकाला आठवडाभर सगळं युनिट देऊन टाकायचे. राउंड त्याने घ्यायचा, निर्णय त्याने करायचे, मोठं ऑपरेशन त्याने करायचं. सर तेव्हा शेवटी उभे राहून सगळ्यात धाकट्या डॉक्टरचं काम करायचे, आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. लोखंडे सिस्टर त्याला सरांचा गप्प बसायचा आठवडा म्हणायच्या.

हौसाकाकूंना हे माहीत नव्हतं. सोमवारी त्यांनी सरांना हाक मारली, "अवो पाकीटवाले, एवढा थर्मास भरून आणा की गरम पाण्यानं." आणि सरांनी आणला. वर विचारलं, "झाकण घट्ट लावू का सैल?" नंतर सिस्टरांनी सांगितल्यावर काकू पदरात तोंड लपवून म्हणाल्या, "अगं बया, आता माझं हाड हा माणूस वाकडं बसवतोय बघ."

मी तिथे आले होते ती खो-खोमुळे. खांबावर सूर मारताना पाय भलतीकडेच राहिला आणि घोट्याच्या जरा वर नडगी मोडली. आले तेव्हा राउंड स्वतः सर घेत होते. म्हणाले, ऑपरेशन करून हाडाला स्टीलची पट्टी बसवावी लागेल, पण सूज उतरल्यावर. मग अर्धं प्लास्टर घालून, पाय उशांवर ठेवून मी पडले. सोमवारपासून युनिट खोब्रागडे मॅडमचं झालं आणि मी त्यांची केस झाले. त्यांचं पहिलं मोठं ऑपरेशन. गुरुवारी सकाळी, पहिला नंबर.

आता बुधवार सकाळचं सांगते, म्हणजे पैज कुठून आली ते कळेल.

पहाटेपासून माझ्या घोट्याजवळ आग होत होती. तांबोळी सर आले. ते पहिल्या वर्षाचे, त्यामुळे पट्ट्या उघडायचं, बांधायचं काम त्यांचं. बोलायला एकदम मऊ, मला 'काय चॅम्पियन' म्हणायचे. त्यांनी कापूस बाजूला करून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाण्याचे फोड आलेत. सुजेमुळे येतात. मॅडमना सांगतो राउंडला, त्या बघतील."

"वाईट आहे का?"

"वाईट नाही गं. पण बघायला पाहिजे."

मग राउंड आला. मॅडम खाटेशी पोचायच्या आधीच बोलायला लागल्या होत्या. "प्रांजल वाघमोडे, नडगी, उद्या पहिली केस. सूज उतरलीय, रक्त तपासलंय, भूलवाल्यांनी बघितलंय. सगळं बरोबर?"

"येस मॅडम."

तांबोळी सरांनी तोंड उघडलं. मी बघत होते. उघडलं, आणि मिटलं. तोवर मॅडम दुसऱ्या खाटेला गेल्या होत्या.

मला वाटलं, नंतर सांगतील. दुपार झाली तरी कुणी बघायला आलं नाही. संध्याकाळी मैत्रिणी आल्या तेव्हा मी हेच सांगितलं, की इथे एकटी मॅडमच बोलते आणि बाकीचे मानेला स्प्रिंग लावल्यासारखे डोलतात. ऋतिका म्हणाली, "आपल्या शाळेसारखंच की." सायमा म्हणाली, "मग विचार ना तिला, ती चुकली तर तिला कोण सांगतं." आणि मग ती पैज.

असो. संध्याकाळचा राउंड वॉर्डाबाहेर गेला. दोघी पडद्यामागून निघाल्या, सायमाने माझा गालगुच्चा घेतला, आणि वॉचमनने त्यांना हाकललं. त्या गेल्या तोच मम्मी डबा घेऊन आली, पाठोपाठ पप्पा. पप्पा एसटीत कंडक्टर. ड्युटी संपवून सरळ आले होते, खाकी कपड्यातच.

"उद्या कोण करणार ऑपरेशन, ते कळलंय का तुला?" त्यांनी मम्मीला विचारलं. आवाज खाली, पण रागाचा. "ती मुलगी. सर नाही. खाली एकाने सांगितलं. शिकाऊ आहे ती."

"सर असणारेत ना पण तिथं."

"असून काय, तिच्या हाताखाली उभे राहणार म्हणे. माझ्या पोरीचा पाय काय शिकायला ठेवलाय?"

"हळू बोला."

"गणेशला फोन करतो. कोल्हापुरात त्याच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. गाडी घेऊन येईल तासाभरात."

गणेश म्हणजे माझा मामा. त्याच्या ओळखीचं सगळीकडेच कुणीतरी असतं.

पप्पा फोन काढत होते तेवढ्यात मॅडम परत आल्या. एकट्याच. मागे रांग नसली की त्या केवढ्याशा दिसायच्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसल्या.

"मघाशी विचारलंस ते कोणी शिकवलं तुला?"

"मैत्रिणींनी. पैज होती."

"जिंकलीस?"

"हो. आता त्या माझं दप्तर उचलणार."

त्या हसल्या, पण अर्धवट. "मला वाटलं, मुलगी उद्याला घाबरली असेल. जिन्यापर्यंत गेले आणि डोक्यातून जाईना. पैजच होती, तर हाच प्रश्न कसा सुचला?"

आता आली का पंचाईत. तांबोळी सरांचं नाव घेतलं तर त्यांना बोलणी बसणार. आणि तो माणूस मला चॅम्पियन म्हणायचा. मी पांघरुणाचा धागा ओढत बसले.

"बोल ना. मी रागावणार नाही."

"मॅडम, तुम्ही राउंडला आधी बोलता," मी म्हणाले. "सगळं तुम्हीच सांगता आणि मग विचारता, बरोबर ना. मग कोण काय म्हणणार?"

"प्रांजल," मम्मीने डोळे वटारले.

"बोलू द्या तिला. सर पण असेच घेतात राउंड. मी त्यांच्याचकडून शिकले."

"नाही. सर शेवटी बोलायचे. मी आले त्या दिवशी सरांनी आधी तांबोळी सरांना विचारलं होतं, मग त्यांच्या वरच्यांना, मग तुम्हाला. तुम्ही सगळे बोलून झाल्यावर सर बोलले. तेपण एवढंसंच."

मॅडम माझ्या पायाखालच्या उशांकडे बघत राहिल्या.

"तीन वर्षं मी त्यांच्या मागे चालले," मग त्या म्हणाल्या, मला नाही, कुणालाच नाही. "त्यांचा आवाज घेतला. चाल घेतली. हे दिसलंच नाही मला."

त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि बाहेर हाक मारली, "सगळे परत या. ही खाट पुन्हा बघायची आहे."

आले सगळे. सरसुद्धा आले, पाकिटांसकट. मॅडम नेहमी माझ्या डोक्याशी उभ्या राहायच्या. या वेळी त्या पार मागे गेल्या, सरांच्या शेजारी.

"आता शेवटून सुरू करू," त्या म्हणाल्या. "तांबोळी, तू बोल. उद्या हिला टेबलावर घ्यायचं का?"

तांबोळी सरांनी घाईघाईने फाईल उघडली.

"फाईल राहू दे. तू काय बघितलं ते सांग."

"मॅडम... घोट्याच्या आतल्या बाजूला फोड आलेत. सकाळी बघितले मी. एकात लाल पाणी आहे."

"कुठे नेमके?"

"जिथे आपण चीर देणार, तिथेच."

मॅडम पुढे आल्या. स्वतः पट्टी सोडली, कापूस काढला. मी मान उंच करून बघितलं आणि लगेच खाली घातली. टपोरे, चकचकीत, द्राक्षाएवढे. पप्पांनी फोन खिशात टाकला आणि खाटेच्या कडेला येऊन उभे राहिले.

"सकाळी कायले गप्प राहिलास तू?" मॅडम म्हणाल्या. त्या भंडाऱ्याकडच्या. एरवी अगदी पुस्तकी बोलायच्या, पण त्या क्षणी त्यांची घरची बोली बाहेर आली.

तांबोळी सरांनी फाईल मिटली.

"बोल. मलाच ऐकायचं आहे."

"काल मी काकूंच्या औषधाचं सांगायला लागलो होतो मॅडम. तुम्ही म्हणालात, आधी फाईल पूर्ण कर, मग बोल."

"असं म्हणाले मी?"

"हो."

मॅडमनी हळूच मान हलवली. "म्हणाले होते." मग त्यांनी तांबोळींच्या वरच्यांना विचारलं, त्यांच्याही वरच्यांना विचारलं. जे सकाळी 'येस मॅडम' म्हणाले होते त्यांनाच आता केवढं काय काय सुचायला लागलं. फोडांवर चीर दिली तर जखम भरणार नाही, आतल्या पट्टीला जंतू लागतील, पाय महिनोन् महिने चिघळेल. हे सगळं त्यांना सकाळीही येत होतं की.

सगळ्यांचं झाल्यावर मॅडम बोलल्या, आणि त्याही एवढंसंच. "उद्याची केस रद्द. फोड वाळून कातडी सुरकुतायला लागली की घ्यायची. ऑपरेशन थिएटरला मी स्वतः सांगते."

मग त्या पप्पांकडे वळल्या. "काका, उद्या ऑपरेशन होणार नाही. हिच्या पायाला फोड आलेत आणि ते मी बघायला हवे होते. मी पट्टी उघडून बघितलंच नाही. माझ्याच एका डॉक्टरने बघितलं होतं, पण त्याला बोलायला मी जागा ठेवली नाही. चूक माझी आहे."

मला वाटलं, पप्पा आता विरघळतील. कुठले. ते उलट आणखी तापले.

"बघा, मी काय म्हणत होतो? शिकाऊ माणसाच्या हातात दिल्यावर असंच होणार. तुमच्या तोंडानंच कबूल केलंत हे बरं झालं." मग त्यांनी रांगेच्या टोकाकडे बघितलं. "साहेब, तुम्ही मोठे डॉक्टर ना? तुम्ही बोला की काहीतरी."

"या आठवड्यात मी पाकिटं सांभाळतो," सर म्हणाले. "निर्णय मॅडमचा."

"वा. छान आहे."

पप्पा ताडताड व्हरांड्यात गेले. मामाला फोन लागला होता, कारण 'गाडी काढ' एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. मम्मी त्यांच्या मागे गेली.

मॅडमनी माझ्या पायाला नवी पट्टी स्वतः बांधली. मी विचारलं, "फोड कधी वाळणार?"

"आठवडा तरी. जास्तही लागेल."

"तेव्हा तुम्ही असाल ना?"

"असेन की. पण माझा आठवडा शनिवारी संपतो. पुढचा बोरकर डॉक्टरांचा. केस त्यांच्याकडे जाईल." पट्टीचं टोक त्यांनी नीट खोचलं. "तो चांगला आहे. माझ्यापेक्षा कमी घाई करतो."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला आधी कळलंच नाही. कळलं ते त्या थिएटरला फोन करायला गेल्यावर. तिसऱ्या वर्षात त्या ज्याची वाट बघत होत्या, ते पहिलं ऑपरेशन त्यांनी आता माझ्यासमोर स्वतःच्या तोंडाने सोडून दिलं होतं. आणि तांबोळी सरांवर आवाजसुद्धा चढवला नव्हता. तांबोळी सर त्यांच्या मागून गेले, पण या वेळी धावत नव्हते. शेजारून चालले होते.

सर मात्र थांबले. ते हौसाकाकूंचा एक्स-रे उजेडाकडे धरून बघत होते आणि काकू डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडल्या होत्या.

"सर, तुम्हाला प्रश्न विचारला तर तुम्ही बोलता ना?" मी म्हणाले.

"विचारला तर बोलावं लागतं."

"तुम्हाला फोड माहीत होते?"

"नव्हते. पण तांबोळीने तोंड उघडून मिटलं ते मी सकाळी बघितलं होतं. उद्या तुला टेबलावर घ्यायच्या आधी पाय मी उघडून बघितलाच असता. मी गप्प बसतो पोरी, झोपत नाही."

"मग सकाळीच का नाही सांगितलं? मॅडमना एवढं ऐकून घ्यावं लागलं."

सरांनी एक्स-रे पाकिटात सरकवला. "पाय कसा जोडायचा हे मी तिला शिकवलं. ते तिला माझ्याइतकंच येतं, थोडं जास्तच येतं. पण उद्या ती एखाद्या लांबच्या तालुक्याला एकटी जाईल. तिथे मी नसेन. तिच्या हाताखाली असाच एखादा तांबोळी असेल, त्याला काहीतरी दिसलेलं असेल. तो बोलला पाहिजे. हे सांगून येत नाही. मी संध्याकाळपर्यंत वाट बघायची ठरवली होती. तू माझ्या आधी विचारलंस."

"मी नाही. पैज होती."

"असू दे की."

"अजून एक विचारू? पुढच्या आठवड्यात केस बोरकर सरांकडेच जायला पाहिजे का?"

सरांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच. "पेशंटच्या घरच्यांनी मागितलं, तर ज्या डॉक्टरने केस सुरू केली त्याच्याकडेच ती राहते. पण मागायला लागतं. आजवर इथे कुणी शिकणाऱ्या डॉक्टरला मागितलेलं नाही."

ते गेले. हौसाकाकूंनी एक डोळा उघडला. "गेलं का पाकीटवालं?"

"गेले."

"काय करणार आहेस गं आता?"

व्हरांड्यातून पप्पांचा आवाज येत होता, मामाला गेट कुठलं ते सांगत होते. माझं काळीज धडधडत होतं, खांबाजवळ पोचताना धडधडतं ना, तसं. मी केस सारखे केले. उशी पाठीशी घेऊन जमेल तेवढी ताठ बसले.

पप्पा आत आले आणि माझे कपडे पिशवीत कोंबायला लागले. मम्मी डबा आवरायला लागली. "गणेश निघालाय," पप्पा म्हणाले. "तिथले डॉक्टर म्हणजे एकदम नावाजलेले. समोर कुणाची बोलायची छाती होत नाही म्हणे."

"पप्पा, कपडे बाहेर काढा," मी म्हणाले.

"काय?"

"मी नाही जाणार. ज्यांच्यासमोर कुणाची बोलायची छाती होत नाही, त्यांच्याकडे मला नाही जायचं. मला इथेच राहायचंय."

मम्मीच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "प्रांजल, अगं तिनं स्वतःच सांगितलं ना, चुकले म्हणून."

"म्हणूनच, मम्मी. तिनं सांगितलं."

"हे बघ," पप्पा म्हणाले, "ऑपरेशनच्या कागदावर सही मी करणार आहे. तू नाही."

"सही तुम्हीच करा. पण करताना त्यावर डॉक्टरांचं नाव घाला, कारण मागितल्याशिवाय मिळत नाही. फोड वाळेपर्यंत मी इथे पडून राहीन, कितीही दिवस लागू देत, कुरकुर करणार नाही. आणि माझं ऑपरेशन खोब्रागडे मॅडम करतील. मी ठरवलंय."